ओठाचं माप

रविवारी सकाळी धाकटीने जेवणाच्या टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरला, त्यावर हॉर्नला लावायचे चार माऊथपीस ओळीने मांडले, आणि वर्तमानपत्राच्या पलीकडून अण्णांचा आवाज आला, "त्यातले तीन उचल."

"अण्णा, तुम्ही अजून बघितलेसुद्धा नाहीत."

"बघायचंय काय त्यात? बाबांचा ठेव, बाकीचे उचल. टेबल मोकळं होईल, चहा ठेवता येईल."

धाकटीने काहीच उचललं नाही. चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती धाकटीच होती, आणि अण्णांशी, म्हणजे वडलांशी, वाद घालायचा तर तो तोंडाने घालण्यात अर्थ नाही, हे ती आईकडून शिकली होती. आई वाद घालायची ती भांडी हलवून. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते काम धाकटीकडे आलं होतं. तिने टॉवेलची एक सुरकुती सरळ केली आणि माऊथपीस आणखी थोडे लांब लांब मांडले, म्हणजे टेबल आणखी व्यापलं.

सगळं झालं होतं एका दातापायी. धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करी. तीन आठवड्यांपूर्वी वरच्या फळीवरची फ्रेम काढायला ती स्टुलावर चढली, स्टूल एकीकडे गेलं, ती दुसरीकडे, आणि वरचा पुढचा दात काउंटरच्या कडेवर आपटून निम्मा उडाला. वहिनी दातांची डॉक्टर. तिने दुसऱ्याच दिवशी तिला असा झकास दात बसवून दिला की आरशात बघून धाकटीलाच आपला कुठला आणि वहिनीचा कुठला ते कळेना. पण ती वाजवायची त्या फ्लूगलहॉर्नला, ट्रम्पेटच्या त्या मऊ आवाजाच्या भावंडाला, बरोबर कळलं. दहा मिनिटं वाजवलं की वरचा ओठ बधिर व्हायचा, आणि सूर असा निघायचा जणू कुणी उशीत तोंड खुपसून बोलतंय.

एरवी महिनाभर हॉर्न पेटीत पडून राहिला असता तरी चाललं असतं. पण मंगळवारी चार वाजता ट्राम डेपोच्या बँडच्या नव्या मास्तरीणबाई परीक्षा घेणार होत्या. डेपो बंद होणार होता. पंधरा दिवसांनी शेवटची ट्राम फाटकातून बाहेर पडेल तेव्हा एकट्याने वाजवायची धून होती, आणि तो मान कुणाला द्यायचा ते मंगळवारी ठरणार होतं. हा बँड धाकटीच्या आजोबांनी, अण्णांच्या बाबांनी, उभा केला, अण्णांनी बावीस वर्षं चालवला. उमेदवार दोनच. एक धाकटी. दुसरा तिचा सख्खा भाऊ, ट्रम्पेटवाला.

तो सख्खा भाऊ दहाच्या सुमाराला बायकोसकट आला. दादा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे त्याचा आवाज कायम शेजारी बसलेल्या माणसाला वाचवण्याच्या पट्टीत असे.

"माझा लावून बघितलास?" दारातूनच त्याने विचारलं.

टॉवेलवरचा सगळ्यात चकचकीत माऊथपीस त्याने शुक्रवारी पाठवलेला होता. उथळ, ट्रम्पेटला शोभेल असा. त्याची दांडी हॉर्नमध्ये डुगडुगत होती म्हणून दादाने तिच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळली होती.

"लावला," धाकटी म्हणाली. "डुगडुगतो."

"अगं, कागद आहे ना!"

"कागद आहे म्हणूनच डुगडुगतो आहे. नसता तर पडला असता."

वहिनीने चप्पल काढता काढता नवऱ्याकडे बघितलं. "खरं सांग. तुला तिने सोलो वाजवायला हवाय की नको?"

"मला मी वाजवायला हवाय," दादा म्हणाला. "ते मी कधी लपवलंय? पण म्हणून काय मी सख्ख्या बहिणीला मुद्दाम चुकीचा माऊथपीस देईन?"

वहिनीने दुसरी चप्पल काढली. धाकटीने ती कागदाची पट्टी अपमान व्हावा इतक्या बारकाईने उलटून बघितली.

"देणार नाही," अण्णांनी शेवटी निकाल दिला. "तेवढी अक्कल त्याला नाही. त्याला खरोखरच तो चांगला वाटतोय."

वहिनीने पर्समधून एक डबी काढून उघडली आणि टॉवेलवरच्या तिसऱ्या माऊथपीसला बोटाने सरळ केलं. तो सोनेरी होता, तिनेच काल आणून दिलेला, एका म्हाताऱ्या पेशंटकडून मागून. डबीत त्याला पुसायचं कापड होतं. "त्यांना घाई नाही," ती म्हणाली, "त्यांचे सगळेच दात मी काढलेत. याची कड बघ, कशी रुंद आणि गोल आहे. ओठावर भार पसरतो. आणि अण्णा, तुमच्या त्या चांदीच्या माऊथपीसची कड बघा. बांगडी फुटल्यासारखी बारीक. ती थेट नव्या दाताच्या धारेवर येते. ओठ मध्ये सापडतो बिचारा."

"चौदा वर्षं तिचा ओठ सापडला नाही," अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुझा दात आला आणि सापडला. म्हणजे दोष कुणाचा?"

"दाताला कसला दोष? उत्तम दात आहे तो!"

"दात उत्तमच आहे. सूर गेला एवढंच."

वहिनीचा चेहरा बघून दादा एकदम बायकोच्या बाजूला गेला. बहिणीच्या सोलोपेक्षा घरी परत जाताना गाडीत काय होईल याची काळजी त्याला जास्त होती. "अण्णा, दाताचं काम तिने फुकटात आणि एका दिवसात केलं. तुम्ही तिला असं बोलायचं नाही."

"मी दाताला बोलतोय."

त्याच वेळी दारावर टकटक झाली आणि काका आत आले. अण्णांचा धाकटा भाऊ, चौऱ्याहत्तरीचा, आयुष्यभर लेथवर उभा राहिलेला टर्नर. सायकलच्या दुकानामागे त्यांची छोटी वर्कशॉप होती, तिथे ते अजून रोज जायचे. काकांचं बोलणं त्यांच्या कामासारखं, लागेल तेवढंच. ते दाराजवळच्या स्टुलावर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि टॉवेलकडे बघत राहिले.

"ये," अण्णा म्हणाले. "घरात निवडणूक आहे. चार उमेदवार. एक आपल्या बाबांचा, बाकीचे रस्त्यावरचे."

काकांनी नुसती मान हलवली.

चौथा उमेदवार वाद्यांच्या दुकानातून परत आणून द्यायच्या बोलीवर आणला होता. साधा, नवा, पण त्याची दांडी मात्र हॉर्नमध्ये अशी बसायची की हलकेच फिरवावं लागे, तेव्हा निघे. धाकटीने चारही दोन-दोन सूर लावून बघितले होते. तिचं मत होतं, पण ते मत या घरात एकटीने मांडायचं म्हणजे अण्णांच्या 'बाबां'समोर उभं राहायचं. बाबांचा माऊथपीस म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. तो चष्म्याच्या मखमली डबीत राहायचा. त्याच्यावर बाबा वाजवत, मग अण्णा, आणि अण्णांचे दात गेले तेव्हा हॉर्नसकट तो तिच्याकडे आला. पाहुण्यांना फोटो दाखवून झाले की अण्णा तो दाखवत.

म्हणून तिने दुकानातली युक्ती काढली.

"अण्णा, मी रोज पन्नास माणसांच्या डोळ्यांपुढे काचा धरते आणि विचारते, हे बरं की हे बरं. कुठली काच किती नंबरची ते त्यांना सांगत नाही. सांगितलं तर ते डोळ्यांनी बघत नाहीत, मनाने बघतात. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा. मी चारही लावून तीच ओळ वाजवते. तुम्ही सांगा."

"मला कशाला सांगायला हवं? बाबांचा मी झोपेतही ओळखीन."

"मग काय, झालंच. एकदा ओळखा, मी बाकीचे तीन उचलते आणि तोच लावून मंगळवारी जाते."

अण्णांना असं उघड आव्हान दिलेलं सोडवत नसे. त्यांनी स्वतःच खुर्ची फिरवली. वहिनी कागद-पेन्सिल घेऊन बसली, दादा माऊथपीस हातात देण्यासाठी उभा राहिला. काका होते तिथेच बसले.

धाकटीने पहिला लावला आणि धुनेची पहिली ओळ वाजवली.

"हा तुझ्या भावाचा," अण्णा वळून न बघता म्हणाले. "ट्रम्पेटने हॉर्नचे कपडे घातलेत. बाहीतून हात बाहेर आलेत."

दादा पुटपुटला, "लोकांना आवडतो तो आवाज." वहिनीने लिहिलं.

दुसरा दुकानातला. अण्णांनी मान तिरकी केली. "हा कचेरीतला माणूस आहे. वेळेवर येतो, वेळेवर जातो. चूक काही सापडायची नाही, पण त्याला घरी जेवायला बोलवावंसं वाटत नाही."

तिसरा वाजायला लागला तेव्हा अण्णांनी हात वर केला. धाकटी थांबणार होती, पण तो हात थांबवायचा नव्हता. बँडपुढे उभे असताना ते असा हात वर धरायचे, म्हणजे तसंच चालू ठेवा, सोडू नका. तिने ओळ पुरी केली, मग पुढची घेतली, आणि तिलाही जाणवलं की आज तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच तिचा ओठ तिचा होता. खालचे सूर पोटातून येत होते.

"हा," अण्णा म्हणाले. "हे बाबा. सांगितलं नव्हतं? असा सूर आता कोण करतो?"

वहिनीची पेन्सिल कागदावरच थांबली. दादाने खाली बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. धाकटीच्या हॉर्नमध्ये सोनेरी माऊथपीस होता.

तिला तिथेच थांबता आलं असतं. पण दुकानातही ती कधी अर्धी तपासणी करून माणसाला सोडत नसे. तिने चांदीचा लावला. नवा दात, बारीक कड, मध्ये ओठ. ओळ निघाली, पण घुसमटलेली, शेवटचा सूर मध्येच फाटला.

"हॅ!" अण्णा म्हणाले. "हा कुठून आणलास? कालपरवा कुणीतरी लेथवर काढलेला दिसतोय. हात बरा आहे बनवणाऱ्याचा, पण त्यात जीव नाही."

"कालपरवा नाही," दाराजवळून काका म्हणाले. "चाळीस वर्षं झाली."

अण्णा खुर्चीसकट वळले. त्यांनी आधी काकांकडे बघितलं, मग हॉर्नकडे, आणि हॉर्नमध्ये बसलेला तो चांदीचा माऊथपीस बघून त्यांच्या कपाळावर जी आठी आली ती तिथेच राहिली.

"चाळीस वर्षं काय?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. इतके लोक एकदम त्यांच्याकडे बघताहेत असा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला होता. "बाबांचा गटारात गेला," ते म्हणाले. "जुन्या घरी. हिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, नळाखाली धूत होत्या. हातातून निसटला आणि जाळीतून खाली. काढायला बघितलं, नाही निघाला. आता तिथे पेट्रोल पंप आहे."

"आणि हा?"

"हा मी केला. वहिनी वर्कशॉपवर आल्या, म्हणाल्या, भाऊजी, उद्या संध्याकाळी त्यांची प्रॅक्टिस आहे. मग केला. चांदीचं पाणी दिलं ओळखीच्या माणसाने."

"माप कुठून आणलंत?" हे दादाने विचारलं. त्याला राहवलंच नाही. "मूळचा तर गटारात होता."

काका ओशाळले. "अण्णा झोपला होता. दुपारी वाजवून आडवा झालेला. ओठावर गोल ठसा उमटला होता ना, तो मोजला. व्हर्नियरच्या मापपट्टीने. आतली खोली अंदाजाने घेतली."

वहिनी खळखळून हसली, आणि मग सासऱ्यांकडे बघून तिने ते हसू खोकल्यात घातलं. धाकटीला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे आई उभी राहिली, चप्पल अडकवून भर उन्हात वर्कशॉपकडे निघालेली. चाळीस वर्षांत आईने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. डबीतून माऊथपीस काढून अण्णा पाहुण्यांना बाबांची गोष्ट सांगायचे, तेव्हा आई नेमकी चहा टाकायला का उठायची, ते तिला आज कळलं.

अण्णा उठले, गॅलरीत गेले आणि त्यांनी मागे काचेचं दार ओढून घेतलं. सगळे त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

"मी बोलायला नको होतं," काका म्हणाले.

"तुम्ही दर चाळीस वर्षांनी एकदा बोलता," दादा म्हणाला, "तेवढं चालतं."

"चेष्टा करू नकोस रे," धाकटी म्हणाली. तिला भीती होती ती वेगळीच. अण्णा रागावले तर दोन दिवस बोलत नाहीत, ते ठीक. पण हा राग नसला तर? माणसाने आयुष्यभर ज्याच्या आधाराने छाती काढून चालावं, ते त्याच्या तोंडूनच मोडीत निघावं, आणि ते तिने काढलेल्या युक्तीने.

गॅलरीचं दार उघडलं.

"कुठल्या साली?" अण्णांनी विचारलं.

"आपण सगळ्या डेपोंच्या स्पर्धेत पहिले आलो ना? त्या साली."

"स्पर्धेच्या आधी की नंतर?"

"आधी. पंधरा दिवस."

अण्णा खुर्चीत बसले. "त्या साली माझा खालचा सूर सुटला. दहा वर्षं सुटत नव्हता तो. मी सगळ्यांना सांगितलं, बाबांचा आशीर्वाद. भाषणात सांगितलं." त्यांनी धाकटीकडे बोट केलं. "हिची आई समोरच बसली होती. हसत होती. मला वाटलं, आनंदाने हसतेय."

"आनंदानेच," काका म्हणाले.

"आणि तू? तू का नाही बोललास? चाळीस वर्षं माझ्याकडे येऊन चहा पितोस!"

"काय बोलायचं? तो तुला बसला होता." काकांनी जरा विचार केला. "बाबांचा तुला कधी बसलाच नव्हता, अण्णा. बाबांचे ओठ जाड होते. तू जबरदस्तीने वाजवायचास. हा तुझ्या मापाचा आहे. म्हणून तुला आवडला. आणि म्हणूनच हिला तो बसत नाही. दात असो नसो."

धाकटीने हे ऐकलं आणि चौदा वर्षांचं ओझं कुणीतरी अलगद खाली उतरवून ठेवल्यासारखं तिला वाटलं. चौदा वर्षं तिची समजूत होती की वरचे सूर येत नाहीत म्हणजे आपणच कमी पडतो.

सोनेरी माऊथपीस लावून धाकटीने पूर्ण धून वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग हॉर्न खाली ठेवून काकांच्या समोर जाऊन वाकली आणि आपला चेहरा त्यांच्या पुढे धरला.

"मोजा," ती म्हणाली.

काकांनी खिशातून व्हर्नियर काढला.

वर्कशॉपमध्ये पाच माणसं मावत नव्हती, तरी पाचही जण गेले. वहिनीला लोखंडी कपाटाच्या कडेला एक खोकं मिळालं. अण्णांनी दिवा धरायचं काम कुणी न सांगताच घेतलं. अजून ते भावाशी थेट बोलत नव्हते. "त्याला सांगा, उजेड पुरतो का," असं ते धाकटीला म्हणत, आणि काका तिला म्हणत, "त्याला सांग, जरा डावीकडे."

काकांनी पितळी बार लेथमध्ये धरला. बेत असा ठरला होता की कड सोनेरी माऊथपीससारखी रुंद आणि गोल ठेवायची, दांडी दुकानातल्यासारखी, आणि आतली वाटी काकांच्या स्वतःच्या चांदीच्या माऊथपीससारखी, खोल, नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली, फक्त धाकटीच्या ओठाच्या मापाची. ट्रम्पेटची वाटी कपासारखी असते, काका म्हणाले. त्यात वारा आपटतो. नरसाळ्यातून तो घसरत जातो, म्हणून हॉर्न ओरडत नाही.

पितळेचे सोनेरी वेटोळे खाली पडू लागले. पहिला माऊथपीस जवळजवळ झालाच होता. काका शेवटचा हात फिरवत होते, तेवढ्यात हत्यार कचकन आत घुसलं आणि कडेवर नखाएवढा खड्डा पडला.

"गेला!" अण्णा ओरडले, आणि त्यांचा दिवा हलला. "अरे, बघतोस कुठे? चाळीस वर्षांपूर्वी तर एका फटक्यात केलास!"

"तेव्हा दिसायचं," काका म्हणाले.

धाकटीने त्यांच्या हातातला व्हर्नियर बघितला. ते तो हातभर लांब धरून वाचत होते. वर्षभर ती त्यांना दुकानात या म्हणून सांगत होती. तिने तो काढून घेतला. "मी आकडे वाचते. तुम्ही नुसते हात चालवा. आणि उद्या सकाळी दहाला माझ्यासमोर खुर्चीत बसायचं. थापा मारायच्या नाहीत."

"बरं," काका म्हणाले.

दुसऱ्याला दीड तास लागला. वहिनी खोक्यावर बसल्या बसल्या डुलकी घेऊन उठली, तिने तयार कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी बोट ठेवून "इथे टोचतं" म्हणून परत दिला आणि पुन्हा डोळे मिटले. शेवटी धाकटीने तो हॉर्नमध्ये बसवला. सूर भरून निघाला. अण्णांनी डोळे मिटले. काका कान देऊन ऐकत राहिले. ती स्वतःही खूश होती.

"खाली आहे," दादा म्हणाला.

"काय?"

"सूर खाली लागतोय. थोडाच, पण आहे. ट्यूनिंगची नळी पूर्ण आत ढकल." तिने ढकलली, परत वाजवलं. "तरी खाली. दांडी पुरती आत जात नाहीये. काका, आणखी थोडी उतरवा. दोन मिलिमीटर आत गेली पाहिजे."

कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मास्तरीणबाईंच्या मात्र मंगळवारी पहिल्याच ओळीला आलं असतं, आणि त्यांनी तिला तिथेच थांबवलं असतं. धाकटीने भावाकडे बघितलं.

"अशी बघू नकोस," दादा म्हणाला. "मंगळवारी मी तुला हरवणारच आहे. पण बेसूर बहिणीला हरवण्यात काय मजा?"

काकांनी दांडी पुन्हा लेथवर चढवली.

संध्याकाळी तो लगेच घरी न्यायची तिची इच्छा होती, पण वहिनी खडबडून जागी झाली. उघडं पितळ रोज ओठांना लावायचं नाही, म्हणाली, आधी चांदीचं पाणी. तेव्हा सोमवारी तो काकांच्या ओळखीच्या माणसाकडे गेला, त्याच दिवशी काका धाकटीच्या खुर्चीत बसले, आणि समोरच्या पाटीवरची तिसरी ओळ त्यांनी इतक्या आत्मविश्वासाने चुकीची वाचली की तिला डोक्याला हात लावावा लागला. माऊथपीस मंगळवारी दुपारी तीनला तिच्या हातात पडला. एक तासाचा रियाझ, तोही डेपोच्या पायऱ्यांवर उभ्याने.

परीक्षा डेपोच्या कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये होती. मास्तरीणबाई तिशीच्या आत-बाहेरच्या होत्या. अण्णांनी त्यांना नेमणुकीच्या दिवशीच नापास केलं होतं, म्हणून अण्णांना बाहेर बाकावर काकांशेजारी बसवून ठेवलं होतं. अण्णांनी मात्र दार बोटभर उघडं राहील अशी व्यवस्था केली होती.

दादा पहिला. त्याने धून अशी वाजवली की खिडक्यांच्या काचा लखलखल्या. एकही चूक नाही. धाकटीला वाटलं, संपलं. मग तिने हॉर्न उचलला. पहिल्याच सुराला किंचित खरखर झाली, आणि त्यानंतर काय झालं ते तिला नीट सांगता आलं नसतं. ओठ दुखला नाही, दात आठवला नाही. वरचा सूर, जो चौदा वर्षं ती दरवेळी धापा टाकत चढून गाठायची, तो आज जिन्याच्या पायरीसारखा पायाखाली आला.

मास्तरीणबाईंनी वही मिटली. "गाडी शेवटची निघणार आहे," त्या म्हणाल्या. "तिला हाक मारायची तर ट्रम्पेट घेतला असता. पण तिला निरोप द्यायचा आहे. हॉर्न वाजवेल. ट्रम्पेटने शेवटच्या चार ओळींत खालून साथ द्यायची. जमेल ना?"

"खालून?" दादा म्हणाला. वीस वर्षांत त्याने खालून काही वाजवलं नव्हतं. त्याने बहिणीकडे बघितलं, तोंड वाकडं केलं. "जमेल. हिला नंतर चार दिवस माझ्यापुढे नाक वर करून चालू द्यायचं नाही, एवढी अट."

"तो माऊथपीस बघू," मास्तरीणबाईंनी हात पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. "यावर नंबर नाही, कंपनी नाही. कुठला हा?"

दार धाडकन उघडलं. "माझ्या भावाने केलाय," अण्णा म्हणाले. आजवर ज्या आवाजात ते 'माझ्या वडलांचा' म्हणायचे, त्याच आवाजात, पण जरा घाईने. "माझाही त्यानेच केला होता. आम्ही पहिले आलो ते त्याच्यामुळे. लोकांना मी वेगळंच सांगत आलो. अरे, ये की आत, सांग यांना!"

ते मागे वळले. बाक रिकामा होता. काका निकालाची वाट न बघताच कुठेतरी निघून गेले होते.

"आता कुठे गेला हा?" अण्णा म्हणाले, आणि इतकं बोलून झाल्यावर ते ज्याला ऐकवायचं तोच नाही, या विचाराने त्यांचा चेहरा असा झाला की मास्तरीणबाईंनी त्यांना खुर्ची पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. कठडा धरून ते जिना उतरायला लागले.

धाकटी खिडकीशी गेली. तिच्या मागे दादा येऊन उभा राहिला. खाली आवारात दुरुस्तीसाठी उचलून ठेवलेल्या ट्रामखाली काका उकिडवे बसून एक चाक बघत होते. अण्णांना त्यांच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. मग ते काहीतरी म्हणाले. काकांनी वर बघितलं. अण्णा परत काहीतरी म्हणाले, आणि या वेळी त्यांनी हात काकांच्या खांद्यावर ठेवला.

"काय बोलत असतील?" दादाने विचारलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली होता.

"ऐकू येत नाहीये."

काकांनी मान हलवली, नेहमीसारखी, लागेल तेवढीच. मग त्यांनी बोटाने चाकाकडे काहीतरी दाखवलं. अण्णा गुडघ्यावर हात देऊन हळूच खाली वाकले, आणि दोघं भाऊ डोक्याला डोकं लावून ते चाक बघू लागले.